सोलापूरहून गृह विभागास खुलं पत्र: एका बरणीच्या प्रवासाचा हिशेब

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, मुंबई

विषय: तपासातले नमुने गोळा करणं, जपणं, पोहोचवणं आणि त्यांचा अहवाल वेळेत व समजेल असा देणं याबाबत.

महोदय,

मी सोलापूरचा. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या न्यायालयांत 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं बेंच क्लार्क म्हणून. रोजनामा, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, लिहिणं हे माझं काम. खून असो, विषबाधा असो, बलात्कार असो की हुंडाबळी, एक वाक्य रोजनाम्यात हमखास यायचं: "सी.ए. रिपोर्ट अप्राप्त. पुढील तारीख." रासायनिक विश्लेषकाचा अहवाल अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की हात आपोआप चालायचा. मागच्या बाकावर कुणीतरी बाई पदराचा बोळा तोंडाला लावून बसलेली असायची. तिला तारीख सांगायची आणि पुढचं प्रकरण पुकारायचं.

आता ती बाई माझी बहीण आहे.

बहीण एका टॉवेल कारखान्यात शिलाईचं काम करते. तिची थोरली मुलगी, माझी भाची, बी.ए. झाली आणि 2019 साली जिल्ह्यातल्याच एका गावात दिली. बोहल्यावर तिला मी घेऊन गेलो. मामाचा तो मान. 2023च्या नागपंचमीला ती माहेरी येणार होती. बांगड्या कुठे भरायच्या, हेसुद्धा मायलेकींचं फोनवर ठरलं होतं. सणाच्या चार दिवस आधी पहाटे फोन आला: "औषध पिलीय, सोलापूरला आणतोय." आमच्या भागात औषध पिलं म्हटल्यावर कुठलं, हे कुणी विचारत नाही. फवारणीचं.

दुपारपर्यंत ती होती. बोलली नाही. केसपेपरवर डॉक्टरांच्या नोंदी आहेत: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, कीटकनाशकाचा वास. नळी घालून पोट धुतलं. ॲट्रोपिनची इंजेक्शनं लागोपाठ दिली. ऑर्गनोफॉस्फरस जातीची कीटकनाशकं पोटात गेली की ॲट्रोपिन देतात, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, म्हणून नायब तहसीलदारांसमोर पंचनामा झाला. शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे तुकडे, बरणीत भरला, लाख लावली आणि बरणी हवालदाराच्या ताब्यात दिली.

ती बरणी पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत 45 दिवस पडून होती. कारण सांगितलं गेलं गणपतीच्या बंदोबस्ताचं. नंतर ती प्रयोगशाळेत नेली, तर सोबतच्या पत्राला सीलचा नमुना जोडलेला नव्हता म्हणून परत आली. दुसऱ्यांदा गेली ती दिवाळी झाल्यावर. अहवाल आला 2025च्या मार्चमध्ये. त्यात निष्कर्षाची एकच ओळ: विष आढळून आले नाही. आणि गेल्या महिन्यात आम्हाला कळवण्यात आलं की चौकशीत संशयास्पद काही दिसून आलं नाही, अकस्मात मृत्यूचं प्रकरण निकाली काढलं आहे.

ज्या विषावरचा उतारा तिच्या शिरेतून दिला गेला, ते विष सरकारी कागदावर नाही.

पोलीस ठाण्याचं, रुग्णालयाचं, प्रयोगशाळेचं नाव मी लिहीत नाही. बरणी नेणारा हवालदार दोन रात्री बंदोबस्तावर उभा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका माणसाला नोटीस काढून हा विषय मिटवला जाऊ नये, म्हणून हे पत्र आपल्याला आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. तिला कुणी विष पाजलं, असं मी म्हणत नाही. तिने स्वतः घेतलं, असंही म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही, ही माझी तक्रार आहे. पोट धुतल्यावर मागे राहिलेला अंश आधीच थोडा. ही कीटकनाशकं शरीरात विघटित होतात, नंतरही होत राहतात. विषाने मृत्यू होऊनही विश्लेषणात विष न सापडणं शक्य असतं, हे न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवतात. तरी "आढळले नाही" याचा अर्थ आमच्या कागदावर "नव्हते" असा लावला गेला. तिच्या सासरच्यांचाही यात तोटाच झाला. ते निर्दोष असतील तर तसं म्हणायला त्यांच्या हाती काही नाही. गावातल्या नजरा अजून त्यांच्या दारावर आहेत, आणि खरं सांगायचं तर माझीही आहे.

आता तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेच्या टेबलावर पोहोचेपर्यंत तो कुणाच्या ताब्यात, कुठल्या खोलीत, किती दिवस होता, याचा हिशेब देणारं कुणी नाही. कागद असतात. मुद्देमाल रजिस्टर असतं, आवक-जावक असते, कॅरिअर हवालदाराची पोच असते. पण ते तीन ठिकाणी तीन कपाटांत असतात आणि एकत्र येतात ते थेट उलटतपासणीत, पाच-सात वर्षांनी, बचावाचे वकील कॅरिअरला विचारतात तेव्हा: "मधल्या काळात मुद्देमाल कुठे होता?" हवालदार म्हणतो, "आठवत नाही." हा प्रश्न आणि हे उत्तर मी कितीतरी साक्षींत लिहून घेतलं आहे. त्या एका उत्तरावर खटला कोसळताना पाहिला आहे, आणि कोसळणं योग्यच होतं.

हे एकट्या सोलापूरचं दुखणं नाही. दिल्लीच्या छावला प्रकरणात, एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, 14 आणि 16 फेब्रुवारी 2012 रोजी ताब्यात घेतलेले नमुने 27 फेब्रुवारीला प्रयोगशाळेकडे गेले. तोवर ते ठाण्याच्या मालखान्यात होते. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या काळात नमुन्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. पुराव्यातल्या इतर उणिवाही निघाल्या आणि फाशीची शिक्षा झालेले तिन्ही आरोपी सुटले. मे 2023 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात तेच झालं. नमुने पाठवायला उशीर का झाला, याचं स्पष्टीकरण नव्हतं. तिथेही फाशी रद्द होऊन आरोपी सुटला. त्या मुलींचे गुन्हेगार हेच होते की दुसरेच कुणी होते? त्यांच्या आईबापांना याचं उत्तर आता कोण देणार?

छावला प्रकरणात मालखान्यातले अकरा-तेरा दिवस न्यायालयाला खटकले. आमची बरणी 45 दिवस पडून होती, आणि तीही पहिल्याच खेपेला.

बरं, नियम नाहीत असंही नाही. जानेवारी 2014 मध्ये बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की विषबाधेचा संशय असेल तर शवविच्छेदनानंतर लगेच व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला पाहिजे, प्रयोगशाळेने तो तातडीने तपासला पाहिजे, आणि अहवाल आला नाही तर न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारला पाहिजे. माझी भाची गेली तेव्हा हा आदेश साडेनऊ वर्षांचा झाला होता. पण न्यायालयात काम केलेला माणूस म्हणून यातली फट मला दिसते. अकस्मात मृत्यूची नोंद असते तोवर प्रकरण न्यायाधीशासमोर येतच नाही. ठाणं, तहसील आणि प्रयोगशाळा, एवढ्यातच ते फिरतं. मग जाब विचारणारं न्यायालय कुठलं? रोजनामाच नाही, तर "अप्राप्त" लिहिणारा कारकूनही नाही.

जुलै 2025 मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. डीएनए नमुना घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. उशीर झाला तर त्याचं कारण केस डायरीत लिहिलं पाहिजे. आणि ताब्याच्या साखळीची नोंदवही नमुना घेतल्या दिवसापासून आरोपी दोषी ठरेपर्यंत किंवा सुटेपर्यंत ठेवून खटल्याच्या कागदपत्रांना जोडली पाहिजे. या नोंदवहीचा नमुना तयार करण्याचं काम राज्यांच्या पोलीस महासंचालकांवर सोपवलं आहे. हा निकाल वाचून मी रात्रभर जागा होतो. हे निर्देश डीएनएपुरते आहेत. पण बरणीतला यकृताचा तुकडा रक्ताच्या डागापेक्षा जास्त टिकतो, असं तर नाही ना?

दुसरी तक्रार जागेच्या पंचनाम्याची.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 176च्या पोटकलम 3 प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. ते प्रत्यक्ष लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. महाराष्ट्राने 2025 साली फिरती न्यायवैज्ञानिक वाहनं रस्त्यावर आणली. हे काम चांगलं आहे आणि मी ते मनापासून चांगलं म्हणतो. आमचं प्रकरण आधीचं, त्याला जुनाच कायदा लागू. पण नव्या कायद्यातही माझ्या भाचीच्या घरी ते वाहन गेलंच असतं, असं नाही. कारण हे पोटकलम गुन्ह्याच्या खबरेवर चालतं आणि तिच्या मृत्यूची नोंद अकस्मात मृत्यू म्हणून झाली. संशयास्पद मृत्यूंची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. शवविच्छेदन, मग व्हिसेरा, मग अहवाल. गुन्हा दाखल झालाच तर त्यानंतर. तोवर घर झाडून, पुसून, सारवून झालेलं असतं.

तिच्या घरी पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. मी हजर होतो. जिच्यावर तिला उलटी झाली होती ती चादर धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती. आम्हीच रुखवतात दिलेली सोलापुरी चादर. औषधाची बाटली मोरीच्या कोपऱ्यातून कुणीतरी उचलून आणली, एका पंचाने हातात घेऊन नाव वाचलं, दुसऱ्याने झाकण उघडून वास घेतला, मग ती कागदात गुंडाळली. तिच्यावर कुणाची बोटं उमटलेली होती, हा प्रश्न तिथेच संपला. ती प्रयोगशाळेकडे गेलीच नाही, हे आम्हाला नंतर समजलं. ज्या पेल्यातून औषध घेतलं असेल तो पेला तर कुणाला आठवलाही नाही. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय 1897 साली आपल्याच देशात, कलकत्त्यात उघडलं. ठसे शोधता यावेत म्हणून त्यांचं वर्गीकरण बसवणाऱ्यांत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी होते. त्याच देशात 2023 साली तो पंच उघड्या हाताने झाकण फिरवत होता आणि मी, एवढी वर्षं कोर्टात काढलेला माणूस, दुःखाने इतका बधिर झालो होतो की त्याला थांबवलं नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

फोनचंही तसंच. तिचा मोबाईल नवऱ्याकडेच राहिला. महिन्याभराने मागितला तर तो बिघडला म्हणून विकल्याचं सांगितलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आता इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत हॅश मूल्यासह (नोंदीत बदल झाला का हे ओळखवणाऱ्या आकड्यासह) प्रमाणपत्र मागतं. पण ज्या फोनचा ताबाच कुणी घेतला नाही, त्याचं प्रमाणपत्र कोण देणार?

तिसरी तक्रार रुग्णालयातल्या पहिल्या तासाची. पोट धुतल्यावर निघालेलं पाणी आणि उपचारापूर्वीचं पहिलं रक्त, विषबाधेत याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही. ऑर्गनोफॉस्फरस रक्तातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतं. ते मोजलं की मूळ विष नाहीसं झालं तरी त्याची खूण राहते. आमच्याकडे ते पाणी मोरीत गेलं. रक्ताची बाटली दुसऱ्या तपासण्यांसाठी वापरली आणि टाकून दिली. डॉक्टर तिचा जीव वाचवायला धडपडत होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण न्यायवैद्यक प्रकरण म्हणून कागदावर शिक्का मारला होता, तर दोन छोट्या बाटल्या बाजूला काढून सील करणारं कुणीतरी तिथे नेमलेलं असायला हवं होतं.

चौथी: अहवाल. बरणी कोणत्या अवस्थेत पोहोचली, सील शाबूत होतं का, कुजण्याची लक्षणं होती का, तपासणी कोणत्या तारखेला सुरू झाली, कोणत्या विषांसाठी कोणत्या पद्धतीने तपासलं, किती कमी प्रमाण त्या पद्धतीने पकडता येतं, यातलं एकही वाक्य त्यात नाही. केसपेपरची प्रत विश्लेषकाला पाठवली होती का, तेही कळत नाही. असा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 293 होतं, आता नव्या संहितेत 329 आहे. तज्ज्ञांचा वेळ वाचावा म्हणून केलेली ही सोय आहे. पण मग तो कागदच साक्षीदार असतो, आणि साक्षीदार इतका मुका असून कसं चालेल?

पाचवी: आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. नवी संहिता कलम 193 मध्ये म्हणते की तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची. अकस्मात मृत्यूत फिर्यादी कोण आणि पीडित कोण? बहीण अठरा-वीस वेळा ठाण्यात गेली असेल. दर वेळी अर्धा दिवस रजा, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ती ज्या कारखान्यात टॉवेल शिवते, तिथून निघालेलं पार्सल आज कुठल्या गोदामात आहे ते मालकाला मोबाईलवर दिसतं. तिच्या मुलीच्या बरणीचं मात्र तिला सोळा महिने काही कळलं नाही.

हे सगळं मी एका बाजूने बोलतो आहे, असं वाटू नये म्हणून नोकरीतली एक आठवण सांगतो. बलात्काराच्या गुन्ह्यात एक बावीस-तेवीस वर्षांचा यंत्रमाग कामगार कच्च्या कैदेत होता. दोषारोपपत्र मुदतीत दाखल झालं, त्यात नेहमीचं वाक्य: अहवाल प्राप्त होताच सादर करण्यात येईल. जामीन नाकारला गेला. दर तारखेला त्याचा बाप माझ्या टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, "साहेब, पुण्या-मुंबईचा कागद आला का?" चौदा महिन्यांनी डीएनए अहवाल आला. जुळत नव्हता. पोरगा सुटला. बाप तेव्हा नव्हता, तो आधीच गेला होता. तो अहवाल दोन महिन्यांत आला असता तर पोलिसांनाही खरा आरोपी शोधायला सवड मिळाली असती.

आणि सोलापूरबद्दल. जिल्हा अकरा तालुक्यांचा. करमाळा, माळशिरस इथून शंभर किलोमीटरच्या पुढे. आषाढी-कार्तिकीला पोलिसांचं मोठं बळ पंढरपुरात, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला शहरात, मध्ये गणपती, नवरात्र, निवडणुका. म्हणजे वर्षातले बरेच दिवस मुद्देमाल नेणारा माणूस दुसरीकडे उभा असतो. हे दर वर्षी ठरलेल्या तारखांना घडतं. ज्या बंदोबस्ताचं नियोजन तीन महिने आधी होतं, त्या काळात नमुने कोण नेणार याचं नियोजन का होऊ नये?

आमच्या मागण्या अशा आहेत.

जुलै 2025च्या निकालातली ताबा-साखळीची नोंदवही महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात व्हिसेरा, रक्त, कपडे, विषाची बाटली अशा सर्व नमुन्यांना लागू करा. 48 तासांची मुदतही लागू करा. त्या नोंदवहीच्या पानाची प्रत मृताच्या नातेवाइकांना आणि आरोपीला मागताच विनामूल्य मिळावी.

नमुने नेण्याचं काम बंदोबस्तावरच्या हवालदाराकडून काढून घ्या. जिल्ह्यात दुधाची गाडी रोज ठरलेल्या वेळी गावोगाव फिरते. तशी एक थंड पेटीची गाडी ठरलेल्या दिवशी प्रत्येक ठाण्यातून मुद्देमाल उचलेल आणि प्रयोगशाळेत पोच घेईल, अशी सोय करा. पत्र, सीलचा नमुना, केसपेपरची प्रत नसेल तर ती त्रुटी ठाण्याच्या दारातच कळेल, अडीचशे किलोमीटरवरून बरणी परत यायची नाही.

लग्नाला सात वर्षं पूर्ण न झालेल्या स्त्रीचा संशयास्पद मृत्यू, मग तो अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला तरी, कलम 176(3) मधल्या गुन्ह्यासारखाच हाताळा. तज्ज्ञ येईपर्यंत खोलीला कुलूप आणि सील, बाटली-पेला-अंथरूण जागेवर, मृताचा फोन त्याच दिवशी ताब्यात. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आपल्या विभागाचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

विषबाधेचा रुग्ण दाखल करणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयात नमुन्यांचा संच ठेवा, आणि पोट धुतलेलं पाणी व पहिलं रक्त जपून ठेवण्याची सूचना आकस्मिक विभागाच्या भिंतीवर मराठीत लावा.

अहवालाचा नमुना बदला. नकारार्थी अहवालात सीलची आणि नमुन्याची अवस्था, मिळाल्याची आणि तपासल्याची तारीख, कशासाठी तपासलं आणि विष न सापडण्याची संभाव्य कारणं, एवढं लिहिणं बंधनकारक करा. व्हिसेराचा अहवाल 60 दिवसांत द्या. जमत नसेल तर प्रयोगशाळेने स्वतःहून, लेखी कारणासह, न्यायदंडाधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवावं.

सोलापूरला लघु प्रयोगशाळा दिली आहे. तिथे कोणत्या तपासण्या होतात, कोणत्या बाहेर पाठवाव्या लागतात, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, किती नमुने किती दिवसांपासून प्रलंबित आहेत, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. राज्यातल्या सगळ्याच प्रयोगशाळांचं जाहीर करा. ज्या तपासण्या इथे होत नाहीत त्या कधी सुरू होतील, याची तारीख सांगा. विश्लेषकांवर कामाचा किती बोजा आहे, हेही मग लोकांना दिसेल. त्यांच्या बाजूने बोलायला आम्हीही पुढे येऊ.

शेवटची मागणी माझ्या घरची आहे. प्रकरणाचा क्रमांक आणि तारखा मी आपल्या कार्यालयाला वेगळ्या नोंदणीकृत पत्राने पाठवल्या आहेत. तपासणीनंतर उरलेला व्हिसेरा अजून शिल्लक असेल तर आम्हाला विचारल्याशिवाय तो नष्ट करू नये. केसपेपरसह पुन्हा एकदा तज्ज्ञांचं मत घ्यावं. आणि त्यानंतर जे उरेल ते आमच्या ताब्यात द्यावं. ज्या दिवशी ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यूचं प्रकरण, निकाली निघाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी बहिणीने ते दोनदा वाचून घेतलं, घडी घालून देवघरात ठेवलं आणि मला विचारलं, "दादा, पोरीचं जे काढून नेलं होतं, ते देतील का परत? चंद्रभागेत सोडायचं राहिलंय." मी तिला सांगितलं की विचारतो.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
सोलापूर